माहेरवाशीण गाडी

“म्हाताऱ्याचा पाय चुकतोय ओ. गाडीला काय न्हाय.”

हे मला उद्देशून नव्हतं. पाण्याच्या कूलरपाशी उभा राहून मंद्रूपचा मल्लिनाथ फोनवर कुणाला तरी सांगत होता. ज्यांच्याविषयी तो बोलत होता ते त्याचे वडील, सिद्राम आबा, चार पावलांवर माझ्या काउंटरसमोरच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी ऐकलं. वळून पाहिलं नाही. फक्त उजवा पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतला.

मीही ऐकलं, आणि मान खाली घालून कार्डावर तारीख लिहिली. मान खाली घालणं मला शाळेपासून चांगलं जमतं.

सोलापुरात विजापूर रोडवरच्या या वर्कशॉपमध्ये मी सहा वर्षं काम करते. हुद्दा सर्व्हिस ॲडव्हायजर. गाडी दुरुस्तीला आली की ग्राहकाला आधी मी भेटते. तो तक्रार सांगतो, मी ती जॉब कार्डावर लिहिते, आणि कार्ड आत मेकॅनिककडे जातं. मेकॅनिकला ग्राहक सहसा भेटत नाही, कार्डच भेटतं. म्हणजे मी जे लिहीन तोच त्या गाडीचा आजार. कार्डावर त्यासाठी एक चौकट असते आणि तिच्यावर छापलेलं असतं, ‘ग्राहकाच्या शब्दांत’. बोलावं कमी लागेल म्हणून मी ही लिहिण्याची नोकरी धरली होती. दिवसाला वीस अनोळखी माणसांचं ऐकून घ्यायचं आणि त्यांना उलट प्रश्न विचारायचे, हे रुजू झाल्यावर कळलं.

माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण ती चहा, अभ्यास आणि लाइट बिलापुरती. ग्राहकाच्या शब्दांत लिहायचं म्हणजे ग्राहकाचं म्हणणं नीटनेटक्या इंग्रजीत लिहायचं, असं मी समजून चालले. कुणी सांगायचं, “चढाला धाप लागती.” कुणी म्हणायचं, “गचके देती.” तिसरा म्हणायचा, “पळताना थरथरती.” मी तिघांच्याही कार्डावर इंग्रजीत लिहायचे, पिकअप प्रॉब्लेम.

आमचे फोरमन नागेश अण्णा. घरात तेलुगू, वर्कशॉपमध्ये सोलापुरी. वडील यंत्रमागावर होते, त्यामुळे लहानपण खटखटाटात गेलेलं. पन्नास मागांमध्ये कुठल्या मागाचा धागा तुटला ते झोपेतही कळायचं, असं ते सांगतात. आम्ही ते खरं धरतो, कारण इंजिनच्या बाबतीत तेच चालू असतं. पहिल्या महिन्यात ते माझी तीन कार्डं घेऊन काउंटरवर आले.

“काय म्याडम, सगळ्या गाड्यांना येकच रोग? साथ आली का काय?”

मागे दोघं-तिघं हसले. माझे कान तापले. अण्णांनी कार्डं उलटी ठेवली, खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. “धाप लागती म्हणला तर हवा कमी पडलालीय, फिल्टर बघायचा. गचके म्हणला तर पेट्रोल नीट पोचंना. थरथरती म्हणला तर क्लच न्हायतर माउंटिंग. गिऱ्हाईक निम्मं काम करून देतंय गं, तू ते पुसून टाकतीस.”

त्या दिवसापासून मी मराठीत लिहायला लागले. अक्षर इंग्रजीसारखं सरळ, शब्द मात्र त्यांचे. निदान मला तसं वाटत होतं.

आता गाडीबद्दल. आम्ही तेव्हा एकाच कंपनीच्या गाड्या विकायचो आणि दुरुस्त करायचो. कंपनीचं नाव लिहीत नाही, ती केव्हाच दुकान आवरून गेली. तिच्या एका छोट्या गाडीवर आमचं सगळं वर्कशॉप चाललं, कारण ती सारखी आमच्याकडेच असायची. पोरांनी तिला नाव ठेवलं होतं ‘माहेरवाशीण’. आठ दिवस सासरी, महिनाभर इकडे. गेटवरून हाक यायची, “अण्णा, माहेरवाशीण आली ओ!” अण्णा आतून ओरडायचे, “ओवाळायला कोण हाय? पाणी टाका चाकावर!”

दिसायला ती देखणी होती. मी पहिल्यांदा शोरूममध्ये पाहिली तेव्हा मलाही घ्यावीशी वाटली होती. पण ती ज्यांनी आखली त्यांनी बहुतेक कागदावर चालवून पाहिली असावी. तिचा पुढचा दिवा गेला तर बल्ब बदलण्यासाठी अख्खा बंपर उतरवावा लागायचा. मागच्या दाराची मूठ काचेच्या कडेला, काळ्या पट्टीत लपवलेली. नातेपुत्याचे एक कापड दुकानदार म्हणाले, “आईला दार सापडत नाही.” मी कार्डावर दार उघडत नाही असं लिहिलं आणि दोन मेकॅनिकांनी अर्धा दिवस ते चांगलं कुलूप खोलून पुन्हा बसवलं. त्यांच्या आई घेऊन आल्या तेव्हा कळलं, त्या खरंच गाडीभोवती फिरून दार शोधत होत्या. शेवटी हसून म्हणाल्या, “मी पुढंच बसते, लेकाला मागं घाला.”

उजनीकाठच्या केळीवाल्या एका काकांनी फोनवर सांगितलं, “गाडी पाणी प्याली.” मला वाटलं ही बोलायची पद्धत. पण ती खरोखर प्याली होती. इंजिनला हवा घेणारी नळी त्या गाडीत इतकी खाली होती की रस्त्यावरच्या गुडघाभर पाण्यातून जाताना इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढून घेतलं. तेव्हापासून ग्राहकाचं बोलणं अलंकारिक आहे असं मी सहजासहजी धरत नाही.

सिद्राम आबांच्या वेळेला मात्र मी ते विसरले.

आबा साखर कारखान्याच्या ट्रकवर बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. त्यांच्या लायसन्सवर एकही डाग नव्हता आणि ते सांगताना खिशातून लायसन्स काढून दाखवायचे, जणू मी विश्वास ठेवणार नव्हते. निवृत्त झाल्यावर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची गाडी घेतली, ती ही. पहिल्या खेपेला त्यांनी तक्रार सांगितली, ती मी अशी लिहिली: ब्रेक दाबल्यावर वाहन धरते.

आमच्या धंद्यात ‘ब्रेक धरतो’ म्हणजे पाय काढला तरी ब्रेक चाकाला चिकटून राहतो. आत चारही चाकं उतरवली, साफसफाई केली, तेल बदललं. अण्णांनी स्वतः विमानतळापर्यंत चालवून पाहिली. गाडी व्यवस्थित होती.

दुसऱ्या खेपेला आबा म्हणाले, “तसंच हाय की वं. थांबायला जावं तर फुडं रेटा देती.” मी लिहिलं. परत चाकं उतरली. परत व्यवस्थित.

तिसऱ्या खेपेआधी त्यांच्या अंगणात गाडी थांबायच्या ऐवजी गोठ्याच्या भिंतीत घुसली. भिंतीच्या पलीकडे सून धार काढत होती. भिंत तिच्या बाजूला पडली नाही एवढंच. मल्लिनाथने किल्ली काढून स्वतःच्या कमरेला लावली. गावात एकच वाक्य फिरायला लागलं आणि तेच मी कूलरपाशी ऐकलं.

त्या दिवशीही गाडीत काही सापडलं नाही. मॅनेजरसाहेब माझ्यामागे येऊन उभे राहिले आणि हळू म्हणाले, “लिहा, चालकाच्या सवयीबद्दल समज दिली. इंग्रजीत लिहा.” मी लिहिलं. आबांनी सही करायला पेन हातात घेतलं आणि विचारलं, “काय लिव्हलंय, पोरी?”

“सर्व्हिसचंच आहे, आबा.”

त्यांनी सही केली. लायसन्सवर असते तशीच, सावकाश, प्रत्येक अक्षर पूर्ण करत. मल्लिनाथ गाडी विकण्यासाठी आमच्याकडेच ठेवून गेला. आबांना मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. बत्तीस वर्षं पुढच्या सीटवर बसलेला माणूस मुलाच्या पाठीमागे कसा बसतो ते मी काचेतून पाहिलं. त्यांना हात कुठे धरायचा ते कळत नव्हतं.

आठ-दहा दिवसांनी आबा एकटेच एसटीने आले. त्याच दुपारी मल्लिनाथ विक्रीच्या कागदांवर सह्या करायला येणार होता, पण आबा घरी न सांगता त्याच्या आधी आले होते. गाडीत टॉवेल, चष्म्याचं घर आणि सिद्धेश्वराचा फोटो राहिला होता. मी किल्ली घेऊन मागच्या आवारात गेले. त्यांनी फोटो काढला, टॉवेलमध्ये गुंडाळला आणि दार लावता लावता थांबले.

“येक सांगू का? तीनदा सांगितलं, पर तुमी लोकांनी तिकडं बघितलंच न्हाय. माजा पाय न्हाय चुकत. वहान धरती.”

“आबा, वाहन तीनदा तपासलंय. चारही चाकं...”

“चाकं कशाला? वहान, वहान!” आणि त्यांनी उजवा पाय उचलून माझ्यासमोर धरला.

मंद्रूपच्या बाजारातल्या चांभाराकडून करून घेतलेली जाड कातड्याची, रुंद तळाची चप्पल. तळ बोटांच्या बाहेर चांगला अंगठाभर आलेला.

वहाण.

हा शब्द मला येत होता. आठवीच्या मराठीच्या पेपरात ‘पायीची वहाण पायीच बरी’ या म्हणीचा अर्थ लिहून मी दोन गुण मिळवले होते. म्हण मला तेव्हाही आवडली नव्हती. पण कुणी तोंडाने ‘वहाण’ म्हणताना मी ऐकलं नव्हतं, आणि आबांच्या बोलण्यात ‘ण’चा ‘न’ होतो. मला ऐकू आलं वाहन. ‘धरती’ म्हणाले होते ते. वाहन धरती कसं म्हणेल कुणी? वाहन धरतं. एवढं व्याकरण तरी शाळेने मला शिकवलं होतं. मी त्यांची ‘धरती’ दुरुस्त करून ‘धरते’ लिहिली आणि माझ्या मते त्यांचं मराठी सुधारलं.

“हितं बघा,” आबा म्हणाले. वहाणेच्या बाहेरच्या कडेला कातडं घासून गुळगुळीत झालं होतं आणि त्यात एक खाच पडली होती.

मी हात पुढे केला. “द्या.”

“आँ? पायातलं? न्हाय न्हाय, लेकीच्या हातात वहान देतंय व्हय कोण?”

“आबा, द्या ना.”

त्यांनी ती काढून जमिनीवर ठेवली, हातात दिली नाही. मी माझा बूट काढून त्यात पाय घातला. वहाण मला दीडपट मोठी होती. गाडीत बसले, हँडब्रेक ओढला, गिअर न्यूट्रलला टाकून स्टार्टर मारला आणि ब्रेकवर पाय दाबला.

इंजिन किंचाळलं.

मी पाय काढला. शांत झालं. खाली वाकून पाहिलं. ब्रेकचं आणि ॲक्सिलरेटरचं अशी दोन्ही पेडलं इतकी जवळ होती की रुंद तळाने ब्रेक दाबला की त्याची बाहेरची कडा ॲक्सिलरेटरवर चढत होती. अरुंद बुटाला काहीच होत नव्हतं. ही गाडी आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर नक्की एक अरुंद बूट होता.

आवाज ऐकून अण्णा धावत आले. मी खाली बोट दाखवलं. त्यांनी दोन पेडलांच्या मध्ये बोटं घातली. “तीन बोटं मावाय पाहिजेत. हितं दीड.” मग ते स्वतःच्या पायांकडे बघत राहिले. पाय अनवाणी होते. “आयला... आमी चपला काढून बसतो की गं.”

हा आमचा रिवाज आहे. मेकॅनिकच्या चपलेला ऑइल लागलेलं असतं, ग्राहकाच्या गाडीतली मॅट खराब होऊ नये म्हणून ती दाराशी काढायची आणि अनवाणी चालवायची. अण्णा नव्या पोराला पान्याच्या आधी हे शिकवतात. मला त्याचा नेहमी अभिमान वाटायचा, अजूनही वाटतो. पण त्या अदबीमुळेच तीन वेळा चालवूनही गाडीने आम्हाला तिचा दोष दाखवला नाही. तो दाखवायला आबांच्या पायातली वहाण लागली, आणि तिला आमच्या कार्डावर जागा मिळाली नव्हती.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. गाडी विकली गेली नाही. अण्णांनी पेडलची छायाचित्रं काढून, मधलं अंतर मोजून सगळं कंपनीला पाठवलं. त्यांच्याकडून चालकांनी योग्य पादत्राणं वापरावीत असं एक पत्र आलं आणि वर्षभरात कंपनीच निघून गेली. आता आमच्याकडे सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात. आबा तीच गाडी चालवतात, अनवाणी. दाराशी वहाणा काढून सीटखाली ठेवतात, देवळात जाताना काढाव्यात तशा. काही माहेरवाशिणी अजून जिल्ह्यात फिरतायत. त्यातली एखादी आली की मी ग्राहकाच्या पायाकडे बघते आणि कार्डावर एक ओळ जास्त लिहिते.

माझी नोकरीही राहिली. मॅनेजरसाहेब आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले, मग विसरले किंवा विसरल्यासारखं केलं. अण्णांनी आबांच्या पहिल्या खेपेच्या कार्डाची झेरॉक्स टूल-रूमच्या भिंतीवर लावली आहे. त्यात ‘वाहन’वर लाल पेनाने काट मारून त्यांनी स्वतःच्या वाकड्या अक्षरात ‘वहाण’ लिहिलंय. नवीन मुलगा आला की त्याला तिच्यासमोर उभं करतात. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. आता मी तिच्यावरची धूळ पुसते.

ती गाडी वाईट होती हे मी कुणासमोरही म्हणेन. पण चांगल्या गाड्यांनी मला काय शिकवलं असतं? त्यांच्या कार्डावर ऑइल बदलणे एवढंच असतं. माणूस बोलत असताना त्याच्या तोंडाकडे आणि पायाकडे बघावं, शब्द कळला नाही तर न लाजता पुन्हा विचारावा, हे मला त्या फसलेल्या गाडीने, अण्णांनी आणि एकच गोष्ट तीनदा सांगून चौथ्यांदा सांगायला एसटीने आलेल्या आबांनी शिकवलं. त्यांनी चौथी खेप केली नसती तर मला ते कधीच कळलं नसतं. गाडी आणखी कुणाच्या अंगणात गेली असती, आणि तिथली भिंत कुठल्या बाजूला पडली असती ते माहीत नाही. एका गोष्टीचं ओझं मात्र अजून उतरलेलं नाही. ‘सर्व्हिसचंच आहे’ हे मी त्यांना ज्या सहजपणे सांगितलं तो सहजपणा.

पण त्या दुपारी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. मी अजून गाडीतच बसले होते, एका पायात बूट आणि दुसऱ्यात आबांची वहाण. पेडलकडे पाहत पुन्हा ब्रेक दाबला. इंजिन पुन्हा किंचाळलं आणि नेमका त्याच वेळी मल्लिनाथ आवाराच्या गेटातून आत आला. त्याला लांबून फक्त गाडीशेजारी उभे असलेले, एका पायात वहाण नसलेले वडील दिसले असणार.

“आबा! तुमी हितं? पुन्ना बसलाव व्हय गाडीत?” तो पळतच आला. “किती येळा सांगायचं? पाय ऱ्हायला न्हाय आता तुमचा!”

टॉवेलमध्ये गुंडाळलेला फोटो आबांनी छातीशी धरला होता. बत्तीस वर्षांत एक डाग नाही म्हणणारा माणूस मुलासमोर उजवा पाय मागे घेत होता. खुर्चीखाली घेतला होता तसाच.

मल्लिनाथच्या मागून मॅनेजरसाहेब आले. “मॅडम, बंद करा ते. खाली उतरा. काय असेल ते ऑफिसमध्ये बोलू.” त्यांनी मला डोळ्यांनी काय सांगितलं तेही मला कळलं. कंपनीच्या गाडीत दोष आहे असं ग्राहकासमोर बोलायचं नाही, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं जातं. गाड्यांखालच्या पिटमधली पोरं वर येऊन उभी राहिली होती. अण्णा बोलू शकले असते, पण माझ्याकडे बघत थांबले. त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

शाळेत स्टेजवर जायची वेळ आली की मला ताप यायचा. घरातही मोठा आवाज काढल्याचं आठवत नाही. मी इंजिन चालूच ठेवलं. दार पूर्ण उघडलं, म्हणजे आत काय आहे ते सगळ्यांना दिसावं, आणि ब्रेकवर पुन्हा पाय ठेवला. गाडी किंचाळत असताना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने मला बोलावं लागलं.

“मल्लिनाथदादा, ब्रेकवर हा पाय माझा आहे, वहाण तेवढी आबांची! आबांचा पाय कधीच चुकला नव्हता. पेडलं चुकीची बसवलीत, आणि कार्डावर चुकीचं लिहिलं ते मी!”